समोरच्याने आनंदाची बातमी सांगितली की इंग्रजीत पुढे काय बोलायचं?

निर्झरा (लीड्स, इंग्लंड)

इथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी मी आणि माझ्या दोन मैत्रिणी इंग्रजी संभाषणाचा सराव घेतो. येणारे बहुतेक जण उत्तम शिकलेले आहेत. ईमेल लिहितात, मीटिंगमध्ये मुद्दे मांडतात. कुणाचे वडील गेले, कुणाला अपघात झाला, तर "आय अ‍ॅम सो सॉरी टू हिअर दॅट" हे वाक्य त्यांना बरोबर वेळेला सुचतं. अडतं ते आनंदाच्या बातमीपाशी. जेवणाच्या सुट्टीत सहकारी येऊन म्हणते, "आय पास्ड माय ड्रायव्हिंग टेस्ट!" आपला माणूस मनापासून हसतो, "ओह, कॉंग्रॅच्युलेशन्स" म्हणतो आणि परत डब्याकडे वळतो. ती क्षणभर थांबते आणि दुसऱ्या टेबलाकडे जाते.

त्याला आनंद झालेला नसतो असं मुळीच नाही. त्याच्या दृष्टीने अभिनंदन केलं, विषय पूर्ण झाला. पण तिला 'पास' हा निकाल सांगायचाच नव्हता, तिला त्या दिवसाची गोष्ट सांगायची होती. इथल्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये निम्म्याच्या आसपासच लोक पास होतात आणि तारीख मिळायला महिनोन्‌महिने लागतात. म्हणजे तिच्याकडे सांगण्यासारखं बरंच असणार. "ओह ब्रिलियंट! हाउ डिड इट गो?" एवढं म्हटलं असतं तरी पाच मिनिटं गप्पा झाल्या असत्या.

म्हणून आम्ही सरावात एकच सवय लावायचा प्रयत्न करतो. आधी आनंद दाखवा आणि लगेच त्याच बातमीबद्दल एक प्रश्न विचारा. प्रश्न असा हवा की तिला तो चांगला क्षण पुन्हा सांगता येईल. "व्हेन डिड यू फाइंड आउट?", "हू डिड यू टेल फर्स्ट?", "व्हॉट डिड युअर मम से?" बढती असेल तर "व्हॉट विल यू बी डुइंग नाउ?" मुलाला विद्यापीठात प्रवेश मिळाला असेल तर "व्हॉट्स ही गोइंग टू स्टडी?" आणि उत्तर येईपर्यंत स्वतःची गोष्ट सुरू करायची नाही.

शब्द किती जोरकस हवा हाही प्रश्न नेहमी येतो. अनिता पोमेरँट्झ या अभ्यासिकेने १९८४ मध्ये रोजच्या इंग्रजी संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवलं होतं की सहमती दाखवताना माणसं साधारणपणे समोरच्यापेक्षा एक पायरी वरचा शब्द वापरतात. एकाने "इट्स ब्यूटिफुल" म्हटलं की दुसरा "इट्स गॉर्जस" म्हणतो. खालच्या पायरीचा शब्द आला की पुढे 'पण' येणार असं ऐकणाऱ्याला वाटतं. त्यामुळे कुणी "वी हॅड अन अमेझिंग टाइम" म्हटल्यावर आपण नुसतं "नाइस" म्हणालो, तर आपल्याला ते फारसं पटलेलं नाही असा अर्थ निघतो. "क्वाइट गुड" तर ब्रिटनमध्ये टाळाच. अमेरिकेत ते कौतुक म्हणून चालेल, इथे 'ठीकठाक' असं ऐकू येतं. इकडे यॉर्कशरात "यू मस्ट बी चफ्ड!" (म्हणजे 'किती खूश असशील!') फार प्रेमाने म्हणतात, ते उचलायला हरकत नाही.

घराच्या बातमीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ती आपल्या लोकांच्या कानावर वारंवार येते. इंग्लंडमध्ये कुणी "अवर ऑफर्स बीन अ‍ॅक्सेप्टेड" म्हटलं म्हणजे घर मिळालं असं नसतं. करारांची देवाणघेवाण होईपर्यंत विकणारा किंवा घेणारा कुणीही मागे फिरू शकतो, आणि तसं होतंही. म्हणून तिथे "दॅट्स फँटॅस्टिक! फिंगर्स क्रॉस्ड फॉर द रेस्ट" हे अगदी योग्य बसतं. आनंदही आला आणि अजून धाकधूक आहे हे आपल्याला कळतं हेही आलं. मग "व्हॉट्स इट लाइक?" विचारा. ती लगेच फोनवर फोटो दाखवायला लागेल. ते फोटो नीट बघा, "ओह, आय लव्ह द किचन" असं काहीतरी नेमकं बोला. किंमत विचारू नका. विक्री पूर्ण झाली की ती लँड रजिस्ट्रीच्या नोंदीत कुणालाही बघता येते, पण तोंडावर विचारणं इथे खटकतं.

तुम्ही कोणत्या देशात आहात, तिथे काय बोलतात, आपल्या लोकांना कुठे अडतं, हे सगळं लिहा. पुढच्या सरावात वापरणार आहे.

---

कृष्णाकाठ (कराड)

फार उपयोगी धागा. माझा भाचा आयर्लंडला निघालाय, त्याला पाठवतो.

हे अडणं शब्दसंग्रहामुळे आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडे आनंद हाताने व्यक्त होतो. निकाल लागला की मुलगा पेढ्यांचा पुडा घेऊन येतो, आपण पुडा आधी देवापुढे ठेवतो, मग त्याच्या हातावर साखर किंवा पैसे ठेवतो, तो पाया पडतो, आपण पाठीवरून हात फिरवतो. एवढ्यात तोंडातून 'वा, छान झालं' इतकंच निघालेलं असतं, आणि त्यात कमी काही नसतं. इंग्रजी बोलणाऱ्या सहकाऱ्याच्या बाबतीत यातलं काहीच करता येत नाही, म्हणून सगळा भार शब्दांवर येतो आणि 'वा, छान' पुरेसं होत नाही.

दुसरं म्हणजे दृष्ट. माझी आजी तोंडावर कौतुक करू द्यायची नाही. फार कौतुक झालं की मीठमोहऱ्या ओवाळायची. त्या संस्कारात वाढलेल्या माणसाला "दॅट्स अमेझिंग" म्हणायला जीभ जड होते.

---

निर्झरा

कृष्णाकाठ दादा, हे मी सरावात नक्की सांगणार. पेढ्यांवरून आठवलं. आपले लोक सवयीने "व्हेअर इज द पार्टी?" विचारतात. आपल्याकडे ते आपुलकीचं आहे, इथल्या माणसाला मात्र आपण त्याच्याकडे काही मागतोय असं वाटतं. बढती किंवा बाळाची बातमी असेल तर इथे सहकारीच कार्ड आणतात, त्यावर सगळे सह्या करतात, वर्गणी काढून भेट देतात. गंमत म्हणजे वाढदिवसाचं उलटं. ज्याचा वाढदिवस तोच ऑफिसात केक आणतो.

---

सह्यवेडा (न्यू जर्सी)

धागा आवडला. अमेरिकेतला अनुभव लिहितो.

इथे आपल्या लोकांकडून सर्रास होणारी गोष्ट म्हणजे बातमी आपल्याकडे वळवणं. कुणी म्हणालं, "माय डॉटर गॉट इन्टू मिशिगन", की आपण लगेच "ओह, माय सन इज ऑल्सो अप्लायिंग". हेतू चांगलाच असतो. आपल्याकडे 'आमच्याकडेही तेच चाललंय' म्हणणं ही जवळीक आहे. चार्ल्स डर्बर या समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये याच दोन प्रकारच्या प्रतिसादांची विभागणी केली होती. एक प्रतिसाद बोलणाऱ्याच्या विषयाला आधार देतो, दुसरा विषय स्वतःकडे वळवतो. धागाकर्तीने सांगितलेला प्रश्न हा पहिल्या प्रकारातला. मुलाची गोष्ट सांगायला बंदी नाही, फक्त तिची गोष्ट पूर्ण होऊ द्या. बहुतेक वेळा तीच विचारते, "हाउ अबाउट युअर सन?"

आता ग्रीन कार्डबद्दल. भारतात जन्मलेल्यांची नोकरीवर आधारित ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे की माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांची मुलं शाळा संपवून कॉलेजला गेली तरी त्यांचा नंबर लागलेला नाही. कारण प्रत्येक देशाला वार्षिक कोट्याच्या ७ टक्क्यांची मर्यादा आहे. आपल्यानंतर आलेला दुसऱ्या देशाचा सहकारी एक दिवस येऊन सांगतो, "माय ग्रीन कार्ड केम थ्रू!" त्या वेळी आतून काय होतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. तरी त्याची चूक काहीच नाही. मी "दॅट्स ह्यूज! युअर फॅमिली मस्ट बी सो रिलीव्ह्ड" म्हणतो. 'रिलीव्ह्ड' म्हणतो कारण मलाही ते मनापासून म्हणता येतं, कागदपत्रांची काळजी काय असते हे मला माहीत आहे. अशा वेळी "यू आर सो लकी" टाळावं. त्याला ते टोचतं आणि आपल्यालाही पुन्हा आपलं दुखणं आठवतं.

---

अबोली_७

+१. वाचनखूण साठवली. एक छोटी भर: 'कॉंग्रॅच्युलेशन्स'नंतर 'ऑन' येतं, 'फॉर' नाही. "कॉंग्रॅच्युलेशन्स ऑन द न्यू जॉब."

---

मोहर (पुणे)

थोडा वेगळा सूर लावते. मी इथूनच अमेरिकन टीमबरोबर काम करते. कॉलवर कुणी म्हणतं, "वी गॉट अ पपी", की दहा जण "ऑसम", "सो एक्सायटिंग" म्हणतात आणि दुसऱ्या मिनिटाला कुणाच्याही लक्षात राहत नाही. मला हे पोकळ वाटतं. मी कमी बोलते पण पुढच्या आठवड्यात त्या पिल्लाची चौकशी करते. उत्साहाचा आवाज मोठा नसेल तर आनंद खरा नाही असं का समजायचं? आपल्या स्वभावात नसलेलं बोलायला लावणं मला पटत नाही.

---

निर्झरा

मोहर, तू पुढच्या आठवड्यात चौकशी करतेस ना, मी म्हणते ते हेच. आवाज चढवायला मी कुणालाच सांगणार नाही. पण लक्ष आहे हे त्या क्षणी समोरच्याला कळलं पाहिजे, नाहीतर पुढच्या आठवड्याची चौकशी येईपर्यंत 'हिला काही पडलेलं नाही' असं त्याचं मत होऊन बसतं.

यावर संशोधन झालेलं आहे. शेली गेबल, हॅरी रीस या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये चांगल्या बातमीला मिळणाऱ्या प्रतिसादांचे चार प्रकार केले. आपल्या घरातलं उदाहरण घेऊन सांगते. नवरा येऊन म्हणाला, बढती मिळाली. पहिली बायको म्हणते, "अरे वा! कधी कळलं? साहेब नक्की काय म्हणाले?" दुसरी फोनवरून नजर न काढता "छान" म्हणते. तिसरी म्हणते, "म्हणजे आता आणखी उशिरा घरी येणार." चौथी विचारते, "येताना दूध आणलंस का?" या अभ्यासात फक्त पहिल्या प्रकारचा संबंध नात्यातल्या समाधानाशी आणि विश्वासाशी जुळला. बाकीचे तिन्ही उलट दिशेला गेले, आणि त्यात तो साधा 'छान'सुद्धा होता. मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते यानेच, कारण 'छान' म्हणणारी बायको वाईट वागत नसते.

२००६ मध्ये गेबल आणि त्यांच्या दुसऱ्या सहकाऱ्यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बोलावून एकमेकांना चांगली आणि वाईट अशा दोन्ही बातम्या सांगायला लावल्या आणि त्याचं चित्रण केलं. दोन महिन्यांनी पुन्हा चौकशी केली तेव्हा नातं कसं चाललंय याचा अंदाज वाईट बातमीवरच्या प्रतिसादापेक्षा चांगल्या बातमीवरच्या प्रतिसादावरून अधिक नीट येत होता. अभ्यास अमेरिकेतला आहे, जोडप्यांचा आहे, ऑफिसातल्या ओळखींना तो जसाच्या तसा लागू होईल असा दावा मी करत नाही. पण 'संकटात धावून येतो तोच खरा मित्र' या समजुतीवर मी वाढले आणि आनंदात सोबत करण्याचा विचारच केला नव्हता, तो यामुळे करायला लागले.

---

मोहर

हे वाचून बरं वाटलं. 'लक्ष' हा शब्द पटला. पिल्लाच्या बाबतीत "व्हॉट डिड यू नेम हर?" एवढं तर मला सहज विचारता येईल.

---

स्वरव्यंजन (मुंबई)

भाषाविज्ञान शिकवतो, म्हणून आवाजाच्या चढउताराबद्दल लिहितो. शब्द बरोबर असूनही भाव पोचत नाही, याचं मोठं कारण हे असतं.

जॉन गंपर्झ या भाषाशास्त्रज्ञाने नोंदवलेलं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कँटीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढायच्या कामावर नव्याने लागल्या होत्या. मांसाबरोबर ग्रेव्ही हवी का हे विचारताना ब्रिटिश बाई आवाज वर नेत "ग्रेव्ही?" म्हणायची. या बायका आवाज खाली आणत "ग्रेव्ही." म्हणायच्या. त्यांच्या मते त्यांनी विनम्रपणे विचारलेलं असे, गिऱ्हाइकांना ते 'घ्यायची तर घ्या' असं ऐकू येई. तिथे जेवायला येणारे मालवाहतूक कामगार त्यांना उर्मट समजू लागले, आणि आपल्याशी भेदभाव होतोय असं त्या बायकांना वाटायला लागलं. ध्वनिमुद्रण ऐकवून समजावल्यावर गैरसमज बराच निवळला. दोन्ही बाजूंचा हेतू स्वच्छ होता, आवाजाची रेघ तेवढी वेगळी होती.

आनंदाच्या बातमीला हेच लागू होतं. "रिअली?" वर चढलं तर आनंदाचं आश्चर्य, सपाट किंवा खाली आलं तर शंका. "ग्रेट" सपाट आवाजात म्हटलं तर वैतागही वाटू शकतो. "गुड फॉर यू" या वाक्याला तर मी विद्यार्थ्यांना हात लावू देत नाही. ते प्रेमाने म्हणता येतं, पण सूर जरा चुकला की 'असेल तुझं चांगलं, मला काय' असा अर्थ होतो. त्याऐवजी "आय अ‍ॅम सो हॅपी फॉर यू" म्हणावं, त्यात हा धोका नाही.

सरावासाठी: बातमी ऐकल्यावर पहिला उद्गार 'ओह' असतो. जॉन हेरिटेज या समाजशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये दाखवलं की इंग्रजीत हा 'ओह' म्हणजे 'मला हे आत्ताच कळलं' अशी पोच असते. नुसता 'ओह' आनंदाने म्हणायचा सराव करा. 'ओह वॉव', 'ओह दॅट्स लव्हली'. पहिल्या अक्षरावर आवाज नेहमीपेक्षा वर न्यायचा आणि मग उतरवायचा. आपल्या 'अय्या!' किंवा 'अरे वा!'मध्ये हा चढ आपण रोज घेतो. तोच सूर इंग्रजी शब्दांवर बसवायचा आहे.

---

रानजाई (कॉर्क, आयर्लंड)

मी नर्स आहे. सोबतच्या बऱ्याच जणी लग्नाच्या, बाळंतपणाच्या वयाच्या, त्यामुळे अशा बातम्या सतत कानावर येतात.

बाळाची बातमी इकडे साधारण बारा आठवड्यांच्या स्कॅननंतर सांगतात. त्याआधी कुणी तुम्हाला सांगितलं तर तो मोठा विश्वास आहे, इतरांपाशी बोलायचं नाही. "वॉज इट प्लॅन्ड?", "बॉय ऑर गर्ल?", "अ‍ॅट लास्ट!" हे तिन्ही नको. 'अ‍ॅट लास्ट' आपल्याकडे मायेने म्हणतात, पण मधल्या वर्षांत तिने काय सोसलंय हे आपल्याला माहीत नसतं. "हाउ आर यू फीलिंग?" हा उत्तम प्रश्न. त्यात ती आनंद सांगेल, नाहीतर उलट्यांबद्दल बोलेल, जे हवं ते. साखरपुड्याची बातमी असेल तर मात्र "शो मी द रिंग!" आणि "हाउ डिड ही प्रपोज?" बिनधास्त विचारा. त्या प्रश्नाची वाटच बघत असतात.

सह्यवेडा यांनी ग्रीन कार्डबद्दल लिहिलं म्हणून धीर करून लिहिते. आम्ही मुलासाठी बरीच वर्षं उपचार घेतोय. वॉर्डमध्ये कुणी बातमी दिली की गळा दाटतो. अशा वेळी मी प्रश्न विचारत नाही. "आय अ‍ॅम रिअली हॅपी फॉर यू" म्हणते, मिठी मारते आणि कामाला लागते. ते खोटं नसतं, तेवढंच त्या वेळी जमतं. संध्याकाळी घरी शांतपणे कार्ड लिहिते आणि त्यात जे म्हणायचं ते सगळं म्हणते. लिहिताना आवाज कापत नाही. ज्यांना कधी असं होतं त्यांना हा मार्ग उपयोगी पडेल.

---

अबोली_७

रानजाई ताई, तुम्हाला खूप प्रेम. तुमच्या उपचारांना यश येवो.

---

निर्झरा

रानजाई, लिहिलंस त्याबद्दल मनापासून आभार. प्रश्न विचारायची सवय लावताना हा अपवाद मी सांगत नव्हते. आता सांगेन, तुझं नाव न घेता. कार्डाची कल्पना फार चांगली आहे.

---

दत्तमंदिर_घाट (सांगली)

सर्वांना नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, वय ७४. विषय गणित, त्यामुळे इंग्रजी बोलायची सवय नाही. माझी नात मेलबर्नला असते, वय ११. मराठी समजते, बोलते मात्र इंग्रजीच. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आजोबा, आय मेड द नेटबॉल टीम!" मी "व्हेरी गुड, व्हेरी गुड, अभ्यास पण कर" म्हणालो. ती "ओके" म्हणून गेली आणि फोन तिच्या आईने घेतला. हा धागा वाचून वाटलं की तिला आणखी सांगायचं होतं. येत्या रविवारी पुन्हा बोलणं आहे. काय विचारू? मला नेटबॉल म्हणजे काय तेही ठाऊक नाही.

---

कुंदकळी (जिलाँग, ऑस्ट्रेलिया)

काका, नमस्कार. माझ्या दोन्ही मुली नेटबॉल खेळतात, म्हणून सांगते. ऑस्ट्रेलियात मुलींमध्ये हा खेळ फार लोकप्रिय आहे. बास्केटबॉलसारखीच उंचावर रिंग असते, पण मागे फळी नसते आणि चेंडू हातात घेऊन पळता येत नाही. संघात सात जणी. प्रत्येकीची जागा ठरलेली आणि ती अंगातल्या बिबवर इंग्रजी अक्षरांत लिहिलेली: 'सी' म्हणजे सेंटर, 'जीएस' म्हणजे गोल शूटर, 'जीके' म्हणजे गोल कीपर, अशा सात. कुणी मैदानाच्या कोणत्या भागात जायचं याचे नियम आहेत. तुम्ही गणिताचे, तुम्हाला मैदानाचे तीन समान भाग आणि त्यातली कुणाची हद्द कुठवर हे नक्की आवडेल.

तर रविवारी तिला विचारा, "विच बिब डिड दे गिव्ह यू?" ती एकदम खूश होईल, कारण हा प्रश्न खेळ माहीत असलेला माणूसच विचारतो. मग "शो मी व्हेअर यू स्टँड" म्हणा आणि कागद-पेन्सिल घ्यायला सांगा. ती मैदान काढून दाखवेल. तिने सांगितलं की "गुड ऑन यू!" म्हणा. इकडे ते शाबासकीसारखं आहे, ब्रिटन-अमेरिकेतल्या 'गुड फॉर यू'सारखा त्यात धोका नाही. अभ्यासाचं त्या दिवशी राहू द्या.

आणि तुम्ही मराठीत बोललात तरी चालेल काका, तिला समजतं ना. 'अरे वा, कोणती बिब मिळाली?' हेही तितकंच पोचेल.

---

दत्तमंदिर_घाट

कुंदकळी ताई, आभार. सातही जागा शोधून वहीत लिहून घेतल्या. 'जीए' आणि 'डब्ल्यूए' यांच्या हद्दीत फरक काय? तिला 'डब्ल्यूए' मिळाली असेल तर पुढचा प्रश्न तयार असावा.

---

कुंदकळी

'जीए' म्हणजे गोल अटॅक, ती रिंगभोवतीच्या अर्धवर्तुळात जाऊ शकते आणि गोलही मारू शकते. 'डब्ल्यूए' म्हणजे विंग अटॅक, ती मधल्या भागात आणि आपला संघ जिथे गोल मारतो त्या बाजूच्या भागात खेळते, पण अर्धवर्तुळात पाय टाकू शकत नाही. तिचं काम शूटरपर्यंत चेंडू पोचवायचं. म्हणजे 'डब्ल्यूए' असेल तर विचारा, "हू इज युअर शूटर? डू यू टू प्रॅक्टिस टुगेदर?" मैत्रिणीचं नाव कळेल, पुढच्या रविवारी तिचीही चौकशी करता येईल.